रत्नागिरीतला भोंगा

सहलीची कल्पना माझी होती. पुढे जे झालं त्यावरून सासूबाई अजून मला ऐकवतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मे महिन्याची सुट्टी होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती बंद. मुलीची शाळा बंद. आणि नवरा तर जवळजवळ तीन महिने घरातच होता. येत्या सोमवारी त्याला कंपनीत हजर व्हायचं होतं. डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलं होतं, कंपनीने दिवस कळवला होता. तो मात्र धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "बघू." या बघूने माझे कान किटले होते.

आमचं घर महाडच्या औद्योगिक वसाहतीला अगदी खेटून आहे. माझं माहेर पोलादपूरचं, घाटाच्या पायथ्याचं. तिथे वारा सुटला की माणसं म्हणतात, जरा बरं वाटलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं आणि वारा कसा बघायचा ते शिकवलं. समोरच्या कंपनीच्या छपरावर एका खांबाला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची लांब कापडी पिशवी बांधलेली आहे. वारा भरला की ती फुगून आडवी होते. नवरा तिला विंडसॉक म्हणतो, सासूबाई पायजमा म्हणतात.

"भोंगा झाला ना गो, की आधी पायजमा बघायचा," त्यांनी मला सांगितलं होतं. "त्याचं तोंड जिकडं, तिकडं पळायचं. शेपटाकडं गेलीस तर गेलीस. आणि पदर ओला करून नाकाला लावायचा."

भोंगा तसा दिवसातून तीनदा होतोच, पाळी बदलताना. तो सरळ, एकसुरी. धोक्याचा वेगळा. तो खालीवर होत राहतो, थांबतो, परत सुरू होतो. वर्षाकाठी एखाददोन वेळा सरावासाठी वाजवतात. मुलीच्या शाळेतही सराव घेतात. नाकावर ओला रुमाल धरून पोरं रांगेने मैदानाच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि बाई हजेरी घेतात. माझे पोलादपूरचे लोक हे ऐकून म्हणतात, अगं, अशा जागी राहता कसे तुम्ही. राहतो. पगार तिथूनच येतो, तर राहणार कुठे?

नवऱ्याचा एक जोडीदार होता. एकाच प्लांटवर, एकाच पाळीत दोघं कितीतरी वर्षं. तो महाडजवळच्या तुडील गावचा, मुसलमान, त्याचा भाऊ कुवेतला. हा मात्र एकदा कुवेतला जाऊन चार महिन्यांत परत आला होता. म्हणायचा, तिथे सगळं आहे, पण भांडायला कुणी नाही. तो तुडीलहून मोटारसायकलवर यायचा, आमच्या कोपऱ्यावर गाडी उभी करायचा आणि दोनदा हॉर्न मारायचा. मुलगी आधी धावत बाहेर जायची, कारण त्याच्या खिशात तिच्यासाठी नेहमी काहीतरी असायचं. मग नवरा डबा सांभाळत निघायचा आणि मागच्या सीटवर बसायचा. जोडीदार मला म्हणायचा, "वहिनी, नवरा तुमचा, पण उठवायची ड्युटी माझी."

ते खोटं नव्हतं. तिसरी पाळी करून येताना नवरा मागच्या सीटवर डुलक्या काढायचा. जोडीदाराला भीती, की हा वाटेत कुठेतरी पडून राहील आणि आपण घरी पोचू. म्हणून दर थोड्या वेळाने तो मान न वळवता विचारायचा, "हायस ना रे मागं?" आणि नवरा झोपेतच म्हणायचा, "हाय." घरी आल्यावर नवरा त्याची नक्कल करून दाखवायचा. आम्ही हसायचो. घरात हसणं होतं तेव्हा.

रमजान चालू होता. दुसऱ्या पाळीला जाताना जोडीदार उपासाने गळलेला दिसला, म्हणून नवरा म्हणाला, आज मी चालवतो, तू बस मागं. सासूबाईंनी रोजा सोडायला म्हणून कांदाभजी बांधून दिली. त्या संध्याकाळी प्लांटवर एका पाइपचा जोड सुटला आणि गॅस आला. भोंगा झाला. शिकवलंय तसं सगळ्यांनी केलं. नवऱ्याने विंडसॉक बघितला, वाऱ्याच्या तोंडाला पळाला, ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिला. साहेबांनी हजेरी घेतली. एक कमी भरला. पुन्हा घेतली. पुन्हा एक कमी. नवरा परत आत निघाला तेव्हा दोघांनी त्याला खाली पाडून धरून ठेवलं. मास्क लावलेली माणसं आत गेली आणि त्यांनी जोडीदाराला बाहेर आणलं, पण तेव्हा काही उरलं नव्हतं.

गॅस नवऱ्याच्याही छातीत गेला होता. तो दवाखान्यात ऑक्सिजनवर असताना तिकडे तुडीलला जोडीदाराची माती झाली. मी गेले होते. बाया ओळखीच्या, त्यांनी मला जवळ बसवलं. त्याच्या आईने मला फक्त एवढंच विचारलं, "तुझा कसा हाय?" मी म्हटलं, बरा आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर नवऱ्याने पँटच्या खिशातून मोटारसायकलची चावी काढली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये तशीच उभी. तुडीलहून कुणी मागायला आलं नाही, आम्ही कुणी द्यायला गेलो नाही. महिना उलटला की मी कॅलेंडरचं पान बदलायची आणि चावी परत त्याच जागी लावायची.

मला वाटलं होतं हा रडेल. रडला की मी जवळ घेईन, आणि मग हळूहळू सगळं मार्गी लागेल. असलं काही झालं नाही. तो वेळेवर उठायचा, जेवायचा, ताट धुवायला टाकायचा, खुर्चीत बसायचा. टीव्ही लावला तर बघायचा, बंद केला तरी तिकडेच बघायचा. जोडीदाराचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. पहिले पंधरा दिवस मी त्याच्यामागे लागले, मग भांडले, मग हात टेकले. आणि खरं सांगायचं तर मलाही काही वाटेनासं झालं. बराच वेळ अंगाखाली राहिलेला हात जसा आपला वाटत नाही, उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं आमचं घर झालं होतं. मी त्याला उचलून रत्नागिरीला न्यायचं ठरवलं.

महाडहून एसटीने निघालो. चौघं. नवरा, मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना घरी राहा म्हटलं तर त्यांना राग आला. "मी काय समुद्र खाणार हाय काय तुमचा?" शहराच्या बाहेर एका घरगुती लॉजवर खोली घेतली होती. पहिला दिवस प्रवासात आणि झोपेत गेला. दुसरा दिवस शहर बघायचा, तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, परत. सोमवारी पहिली पाळी. हे सगळं मी ठरवलं होतं आणि मनातून त्या सोमवाराकडे बघायला मला जमत नव्हतं. तो गेटपर्यंत जाऊन परत येईल का? गेलाच तर आत नुसता बसून राहील का? आणि समजा तो काहीच घडलं नसल्यासारखा, नेहमीसारखा कामाला लागला, तर? मला तर त्याचीच जास्त भीती वाटत होती. म्हणजे हा माणूस आतून संपला, असं मी समजणार होते.

सकाळी रिक्षा केली. आधी राजवाडा बघितला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी पकडून आणून तिथे ठेवलं होतं म्हणे, आणि तो तिथेच म्हातारा झाला. मी मुलीला शिक्षिकेच्या सवयीने सगळं समजावत होते. ती म्हणाली, "आई, सुट्टी आहे." नवरा एका खिडकीपाशी उभा राहिला. तिथून खाली खाडी दिसते. आम्ही सगळा वाडा फिरून आलो तरी तो तिथेच. रखवालदाराने विचारलं, बरं वाटत नाही का यांना? मी म्हटलं, त्यांना खिडकी आवडली.

बाजारात सासूबाईंनी फणसपोळीवाल्याशी घासाघीस केली आणि त्याने दिलेली चव घेऊन घेऊनच निम्मं पोट भरलं. मुलीने शिंपल्यांची माळ घेतली. दुपारी मासे खाल्ले. नवऱ्याच्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा होता. त्याने तो भातासारखा खाल्ला, खाली मान घालून, सगळा. कसा आहे विचारलं तर म्हणाला, "बरा हाय." सासूबाई माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत राहिल्या. माझं लक्ष होतं, पण वाईट वाटायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी दुसरी सोलकढी मागवली.

ऊन उतरल्यावर मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली वाळू काळी. मुलगी म्हणाली, ही वाळू घाण आहे का? सासूबाई म्हणाल्या, "तू जन्मलीस तेव्हा तू पण काळीच होतीस, घाण होतीस काय?" भेळवाल्यांच्या गाड्या ओळीने लागल्या होत्या. माणसं मुलाबाळांना घेऊन आली होती. नवरा एका पायरीवर चपला न काढता बसला. मुलीने त्याचा हात ओढला.

"बाबा, पाण्यात चला ना."

"बघू."

"फक्त पाय."

"बघू म्हटलं ना."

ती माझ्याकडे आली. मी तिची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. मनात म्हटलं, सहलीला आलो एकदाचे, फोटो काढून होतील, सोमवारी जे होईल ते होईल. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

बंदराकडून होता की नगरपालिकेचा होता, की कुणी काही तपासून बघत होतं, मला आजही माहीत नाही. पण तो सरळ नव्हता. खालीवर होणारा होता. थांबला आणि परत सुरू झाला.

मी काय केलं सांगू? मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पायजमा शोधला. मान वर करून, गच्च्यांवर, खांबांवर. कुठे दिसेना. मग भेळवाल्याच्या गाडीवरचं प्लॅस्टिक बघितलं. ते शहराकडे फडफडत होतं. म्हणजे वारा समुद्रावरून. एवढं सगळं माझ्या डोक्यात झालं आणि मला एकदाही असं वाटलं नाही की बाई, तू महाडात नाहीस.

नवरा तर कधीच उठला होता. त्याने पाण्याची बाटली मुलीच्या ओढणीवर ओतली, ओढणी तिच्या नाकावर दाबली, एका हातात तिचा दंड, दुसऱ्या हातात आईचा. तीन महिन्यांत त्याचा चेहरा असा जागा मी बघितला नव्हता. "वाऱ्याच्या तोंडाला!" तो ओरडला. "चला! मागं बघू नका!"

कुणीही त्याला विचारलं नाही की कशाला. मुलगी शाळेत शिकवलंय तशी तोंड मिटून, नाक झाकून पळाली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, अशा निघाल्या की मी मागे पडले. फणसपोळीची पिशवी हातात धरून मी त्यांच्यामागून धावले. वाऱ्याच्या तोंडाला म्हणजे सरळ समुद्रात. चपला घालून, पर्स लावून, कपड्यानिशी आम्ही आत गेलो. पाणी गुडघ्याला, मांडीला, मग कमरेला लागलं. एक लाट आली आणि सासूबाई छातीपर्यंत भिजल्या. नवऱ्याने त्यांना काखेत धरलं आणि तिथेच थांबला.

भोंगा बंद झाला. किनाऱ्यावर सगळं होतं तसंच चालू होतं. माणसं भेळ खात होती. काही आमच्याकडे बघत उभी राहिली होती. एक बाई हसत होती. मला समजलं, पण इतकं हळूहळू समजलं, की मी तशीच पाण्यात उभी राहिले.

नवरा मोजत होता. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "एक" म्हणाला. आईच्या डोक्यावर, "दोन." माझ्या, "तीन." स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "चार." मग किनाऱ्याकडे बघितलं आणि परत मोजलं.

"एक कमी हाय," तो म्हणाला.

"बाबा, आपण चारच आलोत," मुलगी ओढणीतून म्हणाली.

"एक कमी हाय." आणि तो किनाऱ्याकडे वळला. "धरू नका मला. आत हाय तो."

मी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. सासूबाईंनी त्याचा हात धरला. तो जोरात ओढत होता आणि मी जेवढ्या मोठ्याने ओरडू शकते तेवढ्याने ओरडले, "तो नाही आता. तो गेला. आपण चारच आलो होतो, चारच आहोत." मी हे प्रेमाने नाही म्हटलं. मी चिडले होते. त्याच्यावर, कंपनीवर, त्या पाइपवर, गेलेल्या माणसावरसुद्धा.

त्याने ओढणं थांबवलं. लाट येऊन गेली. तो माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हायत हाय मला. पण मोजायला घेतलं की एक कमीच येतो. घरात जेवायला बसलो तरी येतो. रोज मोजतो मी."

तीन महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून मोजत होता आणि मला वाटत होतं, हा टीव्ही बघतोय. मी त्याचा शर्ट सोडला आणि हात धरला. बाहेर यायला बराच वेळ लागला, कारण सासूबाईंची साडी पायात अडकत होती.

बाहेर एक गृहस्थ धावत आले. "काय झालं? कुणी बुडत होतं का?"

"कोण नाय," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला आंघोळ घालत होतो."

ते गृहस्थ जरा वेळ आमच्याकडे बघत राहिले आणि निघून गेले. आम्ही वाळूत बसलो. फणसपोळी भिजून लगदा झाली होती, त्यावरून सासूबाई माझ्यावर घसरल्या. हिची सहल, हिचा समुद्र, घरात बसायला काय झालं होतं. मी ऐकून घेतलं. नवऱ्याने ओल्या पँटचे खिसे रिकामे केले. मोबाइल बंद पडला होता. पाकिटातून पाणी गळत होतं. आणि एका खिशातून ती चावी निघाली. घरून निघताना त्याने ती खिळ्यावरून काढून घेतली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याने ती तळहातावर ठेवली आणि वाळू पुसली. सासूबाईंचं बोलणं थांबलं. पदर पिळता पिळता त्या म्हणाल्या, "ज्याची हाय त्याच्या घरात दे रे ती."

"नुसती चावी काय देऊ? गाडी कंपनीत हाय."

"मग गाडी नेऊन दे."

"त्यासाठी गेटातून आत जायला लागल."

"लागल तर लागल," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आवशीनं अजून किती वाट बघायची?"

तो बघू म्हणाला नाही. मुलगी थंडीने कुडकुडत होती, तरी म्हणाली, भेळ खायची आहे. मग चौघांनी ओल्या कपड्यांनी भेळ खाल्ली. भेळवाल्याने विचारलं, तिखट किती? नवरा म्हणाला, "जरा जास्त." तेवढं एकच त्या दिवशी त्याने स्वतःहून मागितलं.

सोमवारी सकाळी तो उठला. मी डबा भरला. त्याने डबा घेतला, चावी घेतली आणि कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. बस आली, तो चढला. सासूबाई चहा घेत म्हणाल्या, "चढला काय?" मी म्हटलं, चढला. मी त्या दिवशी कपाटं आवरली, डबे घासले, मुलीच्या जुन्या वह्या फाडून टाकल्या. दर थोड्या वेळाने वाटायचं, आता तो येईल पायी. गेटावरून परत.

दुपारी पाळी सुटल्याचा भोंगा झाला, सरळ, एकसुरी. थोड्या वेळाने बस कोपऱ्यावर थांबली. दोघं तिघं उतरले आणि बस निघून गेली. नवरा त्यांच्यात नव्हता. मी उतरलेल्या एकाला विचारणार होते, तर तो रस्ता ओलांडून पार गेला होता. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी चित्र काढत बसली होती, तीसुद्धा थांबली.

मग कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजला.

मुलगी सवयीने धावली आणि पायरीवर जाऊन एकदम थांबली. मी तिच्या मागे गेले. नवरा मोटारसायकलवर बसला होता, पुढे. गाडीवर तीन महिन्यांची धूळ होती, पण दोन्ही सीटा त्याने पुसलेल्या दिसत होत्या. हॅन्डलला जोडीदाराचं हेल्मेट अडकवलं होतं. त्याने गाडी बंद केली नाही.

"काम केलंस?" मी विचारलं. आम्ही घरात एकेरी बोलतो, फक्त सासूबाईंसमोर मी अहो म्हणते. त्या दिवशी विसरले.

"केलं," तो म्हणाला. "आता तुडीलला जाऊन येतो."

तो निघायचं सोडून तसाच थांबला. त्याने एकदा मागे, रिकाम्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं नाही, हॅन्डलकडेच बघत राहिला. मी ओढणी घेतली, दारातल्याच चपला पायात सरकवल्या आणि मागे बसले. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या आवशीजवळ जरा बस, लगेच उठून येऊ नको." मी मान हलवली.

महाड मागे पडलं. वाटेत नदी लागली, उन्हाळ्यातली, खाली गेलेली. तो गाडी फार हळू चालवत होता. बरंच पुढे गेल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, "हायस ना गो मागं?"

मी म्हटलं, "आहे."

तुडील येईपर्यंत त्याने तीनदा विचारलं. दोनदा मी आहे म्हटलं. तिसऱ्या वेळी मी रडत होते, म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला.